बिननावाची गोळी

सोमवार, १० फेब्रुवारी

आला दीपक! नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, सातव्यातच उतरवलं जहाजावरून. कंपनीवाले फोनवर म्हणाले, मेडिकल साइन-ऑफ, तब्येतीच्या कारणाने परत. म्हणजे झालंय काय? तर ते तुमच्या मिस्टरांनाच विचारा. मिस्टरांना विचारलं तर म्हणे पित्त. पित्तासाठी कोरियाहून भोईवाड्याला विमानाने पाठवतात? मग मला आत्तापर्यंत चंद्रावर पाठवायला हवं होतं.

बॅगेतून पुड्या निघाल्या. दुकानात शाम्पूच्या पाउचची लडी टांगलेली असते, तशी लडी. प्रत्येक पुडीत एक पांढरी गोळी. नाव नाही, गाव नाही. पुडीवर सगळं कोरियन. तिथे म्हणे अशाच देतात, सुट्या करून.

डिसेंबरपासून एक फोन नाही केला या माणसाने. मेसेज टाकला की उत्तर — "बिझी". फिटर आहे, कॅप्टन नाही! बंदरात काय उद्योग केले ते या गोळीला नक्की माहीत असणार.

मंगळवार, ११

मोरीत बोलत होता. नळ बंद, आवाज दबका. "पुरे ना गं आता."

गं!

फोन तर खाटेवर चार्जिंगला लावलेला. कानात घालायचं असतं ते काहीतरी घेतलं असेल. बाहेर आल्यावर टॉवेल द्यायच्या निमित्ताने कान बघून घेतले. रिकामे. लपवलं असेल कुठेतरी.

बारा वर्षांच्या संसारात मला कधी "गं" म्हणाला नाही. मला म्हणजे "ए", नाहीतर "ऐक".

गुरुवार, १३

सकाळी लडीतली एक पुडी फाडून पर्समध्ये टाकली. सासूबाई बघत होत्या. बघू देत.

दुपारी साड्यांच्या दुकानातून जेवणाची सुट्टी मिळाली तेव्हा हिंदमाताच्या केमिस्टकडे गेले. शामराव नाव त्यांचं, वर्षानुवर्षं ओळखतात मला. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, स्ट्रिप दाखवा गोळीची. स्ट्रिपच नाही. मग साल्ट सांगा, म्हणजे आतलं औषध. साल्ट माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते! गोळी उलटी केली तर पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडा. पण परदेशच्या गोळीचा अंदाज सांगणार नाही म्हणाले.

मी आवाज खाली आणून विचारलं, ती गुप्तरोगाची असते का. त्यांनी गोळी पुन्हा पुडीत घातली.

"वहिनी, डॉक्टरांना दाखवा."

उरलेली दुपार गिऱ्हाइकांना साड्या दाखवत होते आणि निऱ्या चुकत होत्या.

शुक्रवार, १४

आज म्हणे प्रेमाचा दिवस. दुकानात लाल साड्यांना मागणी. घरी आमचे हे भिंतीशी "गं गं" करतायत.

मंगळवार, १८

बिघडलंय. भिंतीला पाठ लावून बसतो. ताट फिरवून फिरवून बघतो, मग जेवतो. झोप नाही. गॅलरीतून कुणी गेलं की विचारतो, ती आली का? ती कोण, म्हणून सरळ विचारलं. त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. मी रडले. दुःखाने नाही, संतापाने.

सासूबाईंचं निदान तयारच आहे, लेकाला बाहेरची बाधा. "माझ्या झिलाक भायरचा लागला. शिमग्याक गावाक न्हेऊया." आणि लगेच माझ्याकडे बघायचं, जणू मीच ते घरात आणून सोडलं.

संध्याकाळी ओटा पुसताना त्यांची मिश्रीची डबी पडली. आतून गोळ्या घरंगळल्या! मिश्रीने माखलेल्या, तपकिरी. लडी बघितली तर पुढच्या पुड्या हळूच फोडून पुन्हा दुमडलेल्या, आणि आत अंगारा. गावच्या देवाचा. मी पुडी फाडलेली बघून सासूबाईंना सुचलं. तेव्हापासून रोज लेकाच्या जिभेवर अंगारा आणि वर घोटभर पाणी!

मी ओरडले. त्या गोळ्या वेचून डबीत भरत म्हणाल्या,

"पुडी ती पुडी. ह्या पुडयेत निदान देव तरी आसा."

दीपकला चवीवरून कळत होतंच अंगारा आहे ते. मुकाट्याने गिळत होता. कुणाकुणाचं डोकं ठिकाणावर आहे या घरात?

गुरुवार, २०

रजा टाकली. माय-लेकाला घेऊन परळला हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझ्या पर्समधली ती एक स्वच्छ गोळी त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवली. अक्षरं, आकार, रंग कॉम्प्युटरवर घातला, कोरियातल्या गोळ्या ओळखायची साइट असते म्हणे. फोटो आला. हुबेहूब.

ओलान्झापीन. माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, कुणी मागावर आहे असं वाटतं, त्यावरची. गुप्तरोगाची नाही. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. कंपनीकडून तिथले कागद मागवा, खात्री करून घेऊ म्हणाल्या. तोवर इथलीच तीच गोळी लिहून दिली. आपल्या मनाने बंद करायची नाही, बंद झाली म्हणूनच एवढं वाढलं. सासूबाईंना सांगितलं, आजी, अंगारा कपाळाला लावा, गोळीच्या जागी नको. सासूबाई पदराचं टोक पिळत बसल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी दीपकला विचारलं, आवाज कुणाचा येतो? पुरुषाचा की बाईचा?

"बाईचा."

ओळखीची? त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

बघा! आजार झाला तरी तो बाईचाच. बंदरात नाही तर डोक्यात ठेवली. घरी येताना बसमध्ये मी त्याच्यापासून लांबच्या सीटवर बसले.

शनिवार, २२

आज गॅलरीत आपणहून शेजारी येऊन बसला. पुन्हा विचारलं, ती कोण?

"तूच. जहाजावर दिवसभर बोलायचीस. कधी येणार, कधी येणार. मग फोन कशाला करायचा गं? गोळी घेतली की लांब जातेस."

म्हणून अंगारा गिळत होता.

संध्याकाळची गोळी मी माझ्या हाताने त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती बोटाने उलटीपालटी केली. त्याने गिळेपर्यंत मी काही बोलले नाही; माझा आवाज गोळीच्या आड यायला नको.