जास्तीची पावलं

क्लीव्हलँड, १ फेब्रुवारी १९४४
मिळाली नोकरी! पुरुष युद्धावर गेले म्हणून का होईना, रेडिओकेंद्रातल्या आवाजांच्या टेबलाची मालकीण आता मी, व्हर्ना लिंडक्विस्ट. दारं आपटायची, खोक्यातल्या खडीवर चालायचं, पत्रा हलवून ढग गडगडवायचे. दर रविवारी दुपारी चारला आमचं रहस्यनाट्य थेट जातं. चुकलं की चुकलं. दिग्दर्शक हालवर्सन काचेच्या खोलीतून खुणा करतो. मला बघून म्हणाला, बाईच्या पावलांनी खुनी चालणार कसा? मी पुरुषी बूट हातांत चढवले आणि फळीवर असा खुनी चालवला, की गडी सिगार ओढायचा विसरला.

६ फेब्रुवारी, रविवार
पहिलं प्रक्षेपण. संहितेत खुनी बारा पायऱ्या चढतो. मी बारा वाजवल्या. तेरावं पाऊल सगळ्यांनी ऐकलं. हालवर्सन सर्वांदेखत खेकसला, मोजता येत नाही का, पोरी? मला मोजता येतं. तेरावं माझं नव्हतं.

८ फेब्रुवारी
आयडा क्रेनशॉ आमच्या नाटकांत म्हाताऱ्यांची कामं करते. कॉफी पिताना तिनं सगळं सांगितलं. माझ्या आधी या जागी एलिस पोमरॉय होता, एका पायानं अधू. नोव्हेंबरात प्रक्षेपण चालू असताना याच टेबलाशी छाती धरून कोसळला. हालवर्सननं काचेतून खूण केली, चालू ठेवा. अकरा मिनिटं सगळे त्याला ओलांडून माइकपाशी जात होते. तो श्वास घेत होता. शेवटचं संगीत वाजलं तेव्हा श्वास थांबला होता. “मीही ओलांडलं गं त्याला,” म्हणाली आणि तिनं टोपीच तोंडाशी धरली.

१३ फेब्रुवारी, रविवार
आज नऊ जास्तीची. जड. एक पाय फरफटत. माझ्या अगदी पाठीशी.
हालवर्सन म्हणाला, पुन्हा झालं तर घरी बस. मी तोंडावर विचारलं, पोमरॉयसाठी का थांबला नाहीत? पांढराफटक पडला. म्हणाला, नाटक थांबत नसतं.
आयडा म्हणते, सोड ही नोकरी. पण नाही सोडणार. मी कुणाला ओलांडलेलं नाही. मी का पळू?

२० फेब्रुवारी, रविवार. चार वाजून अठरा मिनिटं
प्रक्षेपण चालू आहे. बूट जमिनीवर ठेवलेत. दोन्ही हात या वहीवर आहेत, सगळ्यांना दिसतायत. म्हणूनच लिहितेय.
जिन्याचा प्रसंग आला. मी एकही वाजवलं नाही—
वाजतायत. ठक. फरफट. ठक.
आयडानं वाक्य अर्ध्यात सोडलं. हालवर्सन काचेतून हात फिरवतोय, चालू ठेवा, चालू ठेवा.
मानेला गार लागतंय. उठणार नाही. मान वळवून त्याचं नाव घेतलं मी, माइकसमोर, मोठ्यानं. एलिस पोमरॉय. ऐकू दे सगळ्या देशाला.
थांबली पावलं.
नाही— मला वळसा घालून पुढे निघाली. काचेच्या खोलीकडे. हालवर्सन उठलाय. दार आतून धरून उभा आहे, तोंड उघडं, आवाज नाही. आता खूण करतोय, थांबवा, थांब—
कडी आपोआप निघतेय—