भंडाऱ्याचा घाणा

२ मार्च १९४७, रविवार

पोचलो एकदाचा सांगलीला! मेढ्याहून साताऱ्यापर्यंत मोटारीत मांडीशी कोंबड्यांची पाटी, पुढं आगगाडी, मिरजेला गाडी बदलणं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शेजारच्या गृहस्थांचं सारखं तंबाखू थुंकणं. मला घाण सोसत नाही. पलटणीत मला मांजर म्हणायचे, सारखा हात धुतो म्हणून.

पण आज सगळं गोड वाटतंय. लष्करी वर्कशॉपात पाच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आणि उद्यापासून मी हळदीच्या गिरणीचा सयाजी मिस्त्री. मालक लालासाहेब बोलायला मोठे लाघवी. स्वतः फाटकापर्यंत आले, चहा पाजला. काम दोन प्रकारचं आहे: यंत्रं चालती ठेवायची आणि कुणाचा हात-पाय जाऊ द्यायचा नाही. वर्कशॉपात एका सोबत्याची बाही लेथमध्ये गेलेली मी पाहिली आहे. बाहीमागून काय गेलं ते लिहीत नाही. तेव्हा दुसरं काम मी पहिलं धरलं आहे.

गिरणीमागची खोली मिळाली. भिंत पिवळी, खाट पिवळी, पाल पिवळी. गावाकडं लग्नात हळद दोन दिवस लागते, इथं बारमाही लागलेली. आईला कळवलं तर ती मुलगी बघायला लागेल.

४ मार्च

यंत्र पाहिलं. वर लोखंडी तोंड, त्यात हळकुंडं टाकायची. आत दात्यांची दोन रुळं एकमेकांवर फिरतात, त्यांना इथं दाढा म्हणतात. दाढांत हळकुंड फुटतं, खाली दगडात दळतं आणि शेवटी चाळणीवर येतं. सगळं एका ऑइल इंजिनाच्या पट्ट्यावर.

दाढांना माल चारतो सिद्धू. जतकडचा धनगर, चाळिशीचा, अबोल. अडलेलं हळकुंड उघड्या हातानं आत दाबतो! उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. विचारलं तर हसून म्हणाला, “तिनं मागितली, म्या दिली.” मला हसू आलं नाही.

मग खुरपं घेऊन बसलो. वंगण आणि हळद यांचा बोटभर थर, खरजेसारखा. एका खपलीखाली उंदराचं कातडं निघालं, त्याला शेपूट तशीच. तीनदा साबण लावला. साबणानं हळद लाल होते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी मोरीत तो लाल फेस वाहताना बघवेना.

७ मार्च

तोंडावर जाळी बसवली. हळकुंड जाईल, हात जाणार नाही. दाबायला लांब लोखंडी आकडा केला. नियम सगळ्यांना तोंडपाठ करायला लावले: फेट्याचा शेमला खोचायचा, बायांनी पदर कमरेला बांधायचा, आणि यंत्रात हात घालायचा तर आधी इंजिन बंद, मग पट्टा उतरवायचा. पट्टा चढलेला असेल तर देव आला तरी हात घालायचा नाही. निवडणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या, पण पदर बांधले.

जेवण अंबूबाईंच्या खाणावळीत. माऊली आहे ती, आग्रह करकरून वाढते. पण सगळ्यांचे दात पिवळे, आमटी पिवळी, आणि सकाळी माझ्या उशीवर घामाचा डागही पिवळा. थुंकलो तर थुंकीसुद्धा. पोटातून कुणीतरी मला रंगवतंय असं वाटतं.

१० मार्च

चाळणीवर लसणाच्या पाकळीचं साल दिसलं. उचललं. साल नव्हतं, नख होतं. अख्खं, मुळाशी पांढरा चंद्र असलेलं.

सगळ्यांना ओळीनं उभं करून हात तपासले, पलटणीत तपासतात तसे. सिद्धूची आठ, बाकी सगळ्यांची दहाच्या दहा शाबूत. सिद्धूनं नखाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. जुन्या मालात आलं असेल म्हणून मी ते कागदात बांधून नदीत टाकलं. दिवसभर बोटांना त्याचा स्पर्श राहिला.

१२ मार्च

दात. दाढेचा, पानाच्या डागाचा, एका मुळाशी काहीतरी गुलाबी चिकटलेला.

गिरणी बंद करून सगळं उघडलं. रुळं, दगड, चाळणी, मी स्वतः रॉकेलनं धुतली, चिंध्यांनी पुसली, दिवा आत धरून पाहिलं. फट अन् फट स्वच्छ. एवढं स्वच्छ यंत्र सांगलीत नसेल.

१३ मार्च

स्वच्छ यंत्रातून आज पहिल्याच पाटीला केस आले. लांब नाहीत, पुरुषाच्या कानाजवळचे असतात तसे, आणि त्यांना धरून ओलसर गोळा. हळद ओली कशी होईल? वास उन्हात राहिलेल्या मटणाच्या डब्यासारखा. मला दोनदा ओकारी झाली, दुसऱ्यांदा नुसतं पिवळं पाणी.

बाया बघत होत्या. एकीलाही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

१४ मार्च

सिद्धूनं सांगितलं. दुपारी नदीच्या घाटावर बसवून, पाण्याकडं बघत.

पाडव्यानंतर पूर्वेकडं बिरोबाची जत्रा भरते. तिथं उधळायचा, कपाळाला लावायचा, चिमटीनं तोंडात टाकायचा भंडारा आमच्याच गिरणीत दळतात. त्या घाण्याची रीत वेगळी. चारणारा उपाशी राहतो, आंघोळ करून ओलेत्यानं येतो, आणि देवाच्या हळदीला लोखंड-लाकूड न लावता हातानंच चारतो. गेल्या वर्षी माझ्या आधीचा मिस्त्री अर्जुना मदतीला उभा होता. त्याचा हात दाढांत गेला, मग खांदा. सिद्धू इंजिनाकडं धावला, तर लालासाहेब वाटेत उभे. घाणा मोडायचा नाही म्हणाले. नंतर पोती शिवायला सांगितली. जे भंडाऱ्यात पडलं ते देवाचं, टाकायचं नसतं, असं म्हणाले.

मी विचारलं, ही तुमच्यातली रीत आहे का. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “आवं मिस्त्री, आमच्यात भंडाऱ्यात माशी पडली तरी समदा वतून टाकत्यात! देवाला घाण कोन देईल? ही रीत ह्या मालकाची हाय.”

पोती गेली. जत्रेत उधळली. लोकांनी खाल्ली. सिद्धूच्या आईनं खाल्ली, पोरांनी खाल्ली, आणि त्याला तोंड उघडता आलं नाही. घरी जात नाही तो तेव्हापासून. इथं का राहिलास म्हटलं, तर म्हणाला, मी गेलो तर दुसऱ्या कुणाचा तरी हात तिच्यात जाईल.

यंत्र त्यानं तेव्हा दोनदा धुतलं होतं. तरी अर्जुना थोडा थोडा वर येतोच आहे.

१६ मार्च

लालासाहेबांकडं गेलो. हसले. अर्जुना मुंबईला पळाला म्हणाले, दारूचं व्यसन होतं म्हणाले. बोलताना सुपारी चघळत होते, ओठाच्या कोपऱ्यात लाळ. मला त्यांच्या तोंडाची किळस आली, एवढी उंदराच्या कातड्याचीही आली नव्हती. वर सांगितलं, परवा भंडाऱ्याचा घाणा, जाळी काढून ठेवा.

पोलिसांत काय सांगू? नख, दात, केस, सगळं तर मीच नदीत टाकलं.

निघून जावं. पेटी भरली. मग सिद्धू दिसला, उपासाला सुरुवात करून भिंतीशी बसलेला, आठ बोटं गुडघ्यावर. मी गेलो तर परवा त्याच्याजवळ कोण असेल? पेटी उघडली. त्याचा हात यंत्रात जाऊ द्यायचा नाही आणि या वेळी काही पडलंच तर पोती फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाहीत. एवढं झालं की राजीनामा.

१८ मार्च, सकाळ

घाणा सुरू. जाळी काढली आहे. मी सिद्धूला खेटून उभा, एक हात त्याच्या कमरेच्या धोतरात. लालासाहेब खुर्ची टाकून बसलेत.

सात पोती झाली. अजून काही नाही.

१८ मार्च, दुपार

दाढा अडल्या. मी इंजिन बंद केलं, पट्टा उतरवून खांद्यावर टाकला, मगच बसून हे लिहितोय. आत काहीतरी फिक्कट दिसतं. हळकुंड नाही.

आकडा उचलला तर बाया रडवेल्या झाल्या. देवाच्या घाण्यात लोखंड नको, हात जोडून सांगत होत्या. सिद्धू हात धुऊन पुढं झाला. त्याला मागं ढकललं.

आमच्याही देव्हाऱ्यात खंडोबा आहे. लहानपणी भंडाऱ्याच्या वाटीला पाय लागला तर आई कानशिलात लगवायची. माझ्याच्यानंही आकडा खुपसवेना. पट्टा खांद्यावर आहे. इंजिन गार आहे. नुसतं बोटानं काढायचं. हात धुतले, आता—

१९ मार्च

डाव्या हातानं लिहितो. अक्षर लागेल तसं—

पट्टा खांद्यावरच होता. तरी ती फिरली. एकदाच. सावकाश, घास चावावा तशी.

आतल्या वस्तूनं आधी माझं बोट धरलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

मनगटापासून पुढं काही नाही. सिद्धूनं ओढून काढलं. तो म्हणतो मी ओरडलोच नाही, नुसतं हात धुवायला पाणी मागत होतो.

१९, नंतर

अंबूबाईंनी धुवून हळद दाबली, फडकं बांधलं. फडक्यावर पिवळं, पिवळ्यावर लाल. मिरजेला दवाखान्यात न्यायला हवं, पण लालासाहेब म्हणतात उद्या बघू. मिरजेला विचारतील ना, हात कुठं गेला.

हात पोत्यात गेला. आठव्या. त्यांनी पट्टा चढवून घाणा पुरा केला. मी इथं पडलेला असताना. आवाज ऐकू येत होता, हाड लागलं की बदलतो तो—

२० मार्च, पहाट

गाड्या निघाल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज. आठही पोती.

सिद्धू बैलगाडी घेऊन आलाय. कुणाची तरी मागून आणली. मला मिरजेला नेतो म्हणतो. एकच गाडी, एकच बैलजोडी. मी सांगितलं, मला राहू दे, त्यांच्या मागं जा. वाटेत गाठ. पोती फाड, ओढ्यात ओत, खरं काय ते ओरडून सांग. त्याच्या आईनं परत खाता कामा नये.

रडला गडी. पाया पडला आणि गेला.

२० मार्च

ताप. हाताला ठणका, जो हात नाही त्याच्या बोटांना. नखाखाली हळद गेल्यासारखी खाज. धुवू कुठं?

अंबूबाईंनी दूध आणलं. गरम, हळद घालून, दाट. जखम आतून भरून येते म्हणाल्या. डोकं मांडीवर घेऊन पाजलं. अर्धा पेला गेला तेव्हा बरं वाटलं. खूप दिवसांनी अन्न पोटात ठरलं.

मग विचारलं हळद कुठली. म्हणाल्या, “लालासायबांनी मुद्दाम धाडली बाबा. परवाच्या घाण्याची, आठव्या पोत्यातली. देवाची हाय, लय गुण यील. कालपास्नं तीच तर तुमच्या जखमंत दाबतीया.”

पेला अजून उशाशी आहे. तळाशी गाळ. गाळात काहीतरी पांढरं, चंद्रासारखं वळलेलं, आणि जिभेवर अजून एक—