साठ व्होल्ट आणि प्रमोदिनी

२ मे
रिटायर होऊन बत्तीस दिवस. नवा क्लॅम्प मीटर आला. संकल्प: घरातल्या प्रत्येक वस्तूचा व्होल्टेज आणि करंट मोजायचा, त्यावरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढून वहीत उतरवायची. अख्ख्या मनीषनगरात एवढं शास्त्रशुद्ध घर दुसरं नसेल. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला, पण ज्ञान सुटत नाही.

इस्त्री: २३० व्होल्ट, ४.३ अँपिअर. भागाकार, साडेत्रेपन्न ओहम. गुणाकार, ९८९ वॉट. इस्त्रीवर छापलंय हजार! बायकोला सांगितलं. प्रमोदिनी म्हणाली, तापलीच आहे तर अंगातला शर्ट काढून द्या. शास्त्राची गोडी मुळातच नाही.

५ मे, सकाळी
प्रमोदिनीची तक्रार. कूलरमध्ये पाणी भरताना पत्र्याला हात लागला की करंट लागतो म्हणे. तडक जाऊन हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. या वयात असे भास होतात, असं तिला समजावलं. ती बादली उचलून आत गेली. पटलं असावं.

७ मे
पुन्हा तेच. या वेळी मीटर लावला. पत्रा ते जमीन, ६० व्होल्ट. माणसाचं कोरडं अंग एक लाख ओहम (नेटवर आहे. पुढे बरंच लिहिलं होतं, ते वाचलं नाही). साठ भागिले एक लाख, ०.६ मिलिअँपिअर. पॉवर ०.०३६ वॉट. एवढ्यात झिरोचा बल्बसुद्धा लुकलुकणार नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कूलरच्या वरच चिकटवलं.

प्रमोदिनीने बादली हातात धरूनच वाचलं. म्हणाली, "मले लागून राह्यला म्हणते ना मी." मी म्हणालो, शक्य नाही, आकडे समोर आहेत.

९ मे
तिने इलेक्ट्रिशियनला परस्पर बोलावलं. धम्मदीप नाव. मी घरात असताना! त्याला म्हटलं, आधी पॉवरचं सूत्र सांग. तो म्हणाला, सर, सूत्र राहू द्या, अर्थिंगची तार कुठी आहे ते दाखवा. सूत्र येत नाही. परत पाठवला. चहा तेवढा पिऊन गेला.

११ मे
प्रमोदिनी मौद्याला गेली, सिंधूताईंकडे, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीकडे. कधी येणार ते बोलली नाही. बॅग मोठी घेतली. चार दिवस हवापालट होईल. ती येईपर्यंत सगळं घर मोजून काढायचं.

कूलर नुसता पंख्यावर चालवतोय. पाणी भरण्याच्या भानगडीत पडलो नाही.

१६ मे
मिक्सर ४८३ वॉट. तिच्या शिलाई मशीनची मोटर ९२ वॉट.

पुण्याहून नूपुरचा फोन. आई रडत होती म्हणाली. का, विचारलं. तर लेक म्हणते, बाबा, ते तुम्हालाच माहीत. मला कसं माहीत असणार? करंट तर ०.६ मिलिअँपिअरच होता.

२१ मे
करंट आणि पॉवर, दोन्ही हिशोबांचा फोटो प्रमोदिनीला पाठवला. सोबत सोप्या भाषेत स्पष्टीकरण. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. म्हणजे तिच्याकडे प्रतिवाद नाही. रविवारपर्यंत येईलच. तिला आवडते म्हणून खारी आणून ठेवली.

२४ मे, रविवार
आली नाही. मौदा तासाभराचा रस्ता, पण या उन्हात कोण निघतं. खारी मीच खाल्ली.

२७ मे
नवतपा, मेअखेरचे रणरणते नऊ दिवस. ४६ अंश. पंख्याची हवा अंगावर घेववेना. शेवटी कूलर भरायला घेतला. फरशी ओली झाली, चपला घसरायला लागल्या, म्हणून दाराशी काढून ठेवल्या. पाचव्या बादलीला पत्र्याला कोपर लागलं.

लागला. खांद्यापर्यंत लागला. मागे आदळलो, बादली पायावर पडली. तसाच पाण्यात बसून राहिलो.

मी हात लावला तेव्हा दोन्ही वेळा पायात रबरी चपला होत्या. ती घरात कायम अनवाणी. ओलं अंग दहा हजार ओहम धरलं तरी सहा मिलिअँपिअर होतात. माझ्या उत्तराच्या दसपट. पॉवर काढली नाही.

रोज सकाळी ती असा धक्का खात होती. वर डोळ्यांसमोर माझा कागद. लाज वाटली. फाडून टाकला.

२८ मे
धम्मदीपला हात जोडून बोलावलं. अर्ध्या तासात अर्थिंग झालं. पत्र्यावर आता शून्य व्होल्ट. मॅडम दिसत नाहीत, म्हणाला. मौद्याला गेल्यात, येतीलच, म्हणालो.

संध्याकाळी तिला फोन केला. तुझं खरं होतं, मलाही लागला, एवढं कसंबसं बोललो. तिने पहिल्यांदा विचारलं, फार लागलं का? नाही म्हणालो. मग ती म्हणाली,

"लग्नाले एकतीस वर्षं झाली. मले लागला तेव्हा भास होता. तुम्हाले लागला तेव्हा खरं झालं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. अर्थिंग झालंय, शून्य व्होल्ट आहेत, ये, असं म्हणालो. ती म्हणाली, पाणी भरायच्या आधी बटन बंद करत जा. तेवढ्यात सिंधूताईंनी तिला जेवायला हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

२९ मे
बटन बंद करून पाणी भरलं. प्रमोदिनी येणार नाही, असं वाटतं आहे.

कूलर भरायला बारा बादल्या लागतात. एकतीस वर्षांत हे कधी मोजलं नव्हतं.