दहावर अडलेलं हिमोग्लोबिन

९ जानेवारी

ती. आत्यास,

भिंगरीचा वाकून नमस्कार. हल्ली दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकलेलीच असते, त्यामुळे यात फार कष्ट नाहीत.

इकडे सगळं ठीक, म्हणजे बाबांच्या मानाने ठीक. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. घरी आले की संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडतात. दुसऱ्या दिवशी माणसांत येतात आणि जेवणात मीठ नाही म्हणून आईशी भांडतात. मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, पण बोलणी आई खाते. हातातली जी शीर सुईसाठी करून ठेवली होती, ती आता कुरकुरायला लागली आहे. डॉक्टर म्हणाले, किडनी बसवायची तर आता फार लांबवू नका.

माझ्या प्रबंधाचा विषय एकदाचा मंजूर झाला. किडनी निकामी झालेल्यांच्या आणि थॅलॅसेमिया असलेल्यांच्या लाल पेशींची मापं शेजारी शेजारी ठेवून बघायची. रक्त दोघांचंही कमी, पण कमी असण्याची तऱ्हा निराळी. बाबांसारख्यांच्या पेशी आकाराने नेहमीसारख्याच, फक्त संख्येने थोड्या. पेशी तयार करा म्हणून हाडांना निरोप जातो तो किडनीकडून, आणि निरोप्याच आजारी. थॅलॅसेमियात घडणच जन्मापासून वेगळी, म्हणून पेशी बारीक आणि फिकट. आई म्हणाली, असला विषय सांगून कुणी मुलगी पसंत करणार नाही.

आता खरं काम. तुझा तिसरा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन पुन्हा दहा. डॉक्टरांना अकराच्या वर हवंय, त्याशिवाय ते तुझी किडनी काढून घ्यायला तयार नाहीत. इतके महिने लोहाच्या गोळ्या घेऊन ते तसूभर हललेलं नाही. बाबा काल म्हणाले की ताई गोळ्या घेतच नसणार, तिला द्यायची नसेल तर तिने तसं सांगावं. आईने त्यांना गप्प केलं, पण तिच्याही मनात तेच असावं. मी फोन करणार होते, पण फोनवर तू नुसती हो हो करतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहून विचारते. गोळ्या घेतेस ना, आत्या? माझा रक्तगट जुळत नाही, आईला साखर आहे. तुझ्याशिवाय आम्हाला कुणी नाही.

काकांना नमस्कार. उत्तर लिही, राग आला तरी लिही.

तुझी भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. ते आधी घेऊन ठेव, कारण पुढे शिव्या आहेत.

गोळ्या घेतेस ना म्हणून विचारतेस? अगं, तुझे काका रोज जेवण झालं की पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहतात, आणि मी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं तेवढं बाकी ठेवतात. त्या गोळ्यांनी पोटाचं काय झालंय ते चांगल्या घरच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. पालेभाजी म्हणू नकोस, बीट म्हणू नकोस, सगळं खाऊन झालं. बिटाने जीभ लाल झाली, रक्त आहे तिथेच.

तुझ्या बापाला सांग, मला द्यायची नसती तर तोंडावर सांगितलं असतं. त्याला कडेवर घेऊन माझी कंबर गेली, शाळेत त्याच्या मारामाऱ्या मी निस्तरल्या, आणि आता म्हणे ताई फसवते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी! आजारी आहे म्हणून सोडते, एरवी तिथे येऊन कान धरला असता.

इथे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, काजं करणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. दोन जिने चढले की मला दम लागतो, पण तो तर वयात आल्यापासून लागतो. तुझी आजीही अशीच होती, पांढरी फटक, आणि कामाला वाघ. आमच्यात असंच म्हणून सोडून दिलेलं. चिरंजीवांचं लग्न ठरतंय. मुलगी बोलते छान, शिवणात मात्र शून्य.

जेवत जा वेळेवर. लोभ आहेच, तो असल्या पत्रांनी आटत नाही.

तुझी आत्या


२७ जानेवारी

ती. आत्यास,

नमस्कार, आणि आधी कान पकडते. बाबांचेही मीच पकडले असते, पण त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

काय झालं ते सरळ सांगते. तुझा रिपोर्ट बाबांच्या फाइलला लावायचा म्हणून माझ्या पिशवीत होता. तो माझ्या प्रबंधाच्या कागदांत गेला. प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या बाई रोग्यांची नावं झाकून कागद लावतात. नुसती मापं बघायची आणि ठरवायचं, हा किडनीचा की थॅलॅसेमियाचा. मी नावांवर पट्ट्या चिकटवल्या, त्यात तुझ्याही नावावर चिकटवली. बाईंनी तो कागद एका नजरेत थॅलॅसेमियाच्या गठ्ठ्यात टाकला आणि पुढचा उचलला. शेवटी माझी बेरीज जुळेना. एक कागद जास्त. पट्टी काढली तर तू!

आत्या, मला स्वतःची इतकी लाज वाटली. रोज दिवसभर मी परक्यांच्या पेशी मोजते आणि तुझा रिपोर्ट आला की वरची एक ओळ वाचून खाली ठेवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण आपल्या घराला तशीच सवय लागली आहे. बाबांचं हिमोग्लोबिन किती, एवढंच आपण तीन वर्षं विचारतोय. आई तर त्या ओळीवर पिवळी रेघ मारते आणि खालचं वाचतच नाही. तुझ्या तिकडच्या डॉक्टरांनीही तेच केलं. हिमोग्लोबिन कमी, घ्या गोळ्या.

खालच्या ओळीत काय आहे ते तुझ्या दुकानाच्या भाषेत सांगते. समज, बरणीत बटणं आहेत. बाबांच्या बरणीत बटणं योग्य मापाची, पण मूठभर. तुझ्या बरणीत शिगोशीग भरलेली, नेहमीपेक्षा जास्तच, पण सगळी अगदी बारीक. सरासरी माप नव्वदच्या आसपास हवं, तुझं त्रेसष्ट. लोह कमी असतं तर बटणंही कमी असती आणि लहानमोठी, मिसळ. तुझी एकसारखी बारीक आहेत. त्यामुळे लोहाचा पाऊस पाडला तरी ती मोठी होणार नाहीत. तुझं काही चुकलेलं नाही.

घाबरू नकोस. हा आजार नव्हे. आईकडून किंवा वडिलांकडून एक खूण आली आहे, बहुधा आजीकडून, आणि ती घेऊन माणूस म्हातारा होतो. मला तरी वाटतं की हे असेल तर डॉक्टर दहाला हरकत घेणार नाहीत. पण आधी नक्की करायला हवं. सोबतच्या चिठ्ठीत दोन तपासण्यांची नावं दिली आहेत, तेवढ्या करून घे. आणि दादाचीही एकदा कर, लग्नाआधी. त्या मुलीकडेही हीच खूण निघाली तर पुढे मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारून पावलं टाकायला हवीत. नुसत्या एकाकडे असेल तर काही बिघडत नाही.

गोळ्या आजपासून बंद. पोटाला माझा नमस्कार सांग.

तुझी, अर्ध्या अकलेची,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, या वेळी शिव्यांशिवाय.

तपासण्या झाल्या. तू म्हणालीस तेच निघालं. अंगात लोह भरपूर आहे, आणि कागदावर थॅलॅसेमिया मायनर असं छापून आलंय. काका म्हणाले, या वयात मायनर म्हणवून घेणारी तू पहिलीच. दादाचं सगळं व्यवस्थित, त्याच्यात ते उतरलेलं नाही. तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना काकांनी फोन केला. ते म्हणाले, बाकी तपासण्या चांगल्या आहेत, तेव्हा एवढ्याने अडत नाही. मला येऊन भेटा.

आता एक लिहिते ते नीट वाच.

गोळी मी एकही चुकवलेली नाही, हे खरं. पण पहिल्यांदा दहा आलं तेव्हा मला वाईट वाटलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. तिसऱ्यांदा आलं त्या दुपारी दुकान लवकर बंद केलं आणि घरी येऊन गाढ झोपले. किती तरी दिवसांनी तशी झोप लागली. गोळी गिळताना ती लागू पडू नये असं माझ्या मनात यायचं, पोरी. तुझ्या बापाने आरोप केला तेव्हा मी एवढी चिडले ती यामुळेच. तो खोटं बोलत होता, पण खऱ्याच्या अगदी जवळून गेला.

मला भीती वाटते. चांगल्या अंगाला सुरी लावायची, शुद्धीवर नाही आले तर काय, एकीवर निभेल का, सगळ्याची वाटते. बाळंतपणाला सुद्धा एवढी भ्यायले नव्हते. रक्तच चढत नाही म्हटल्यावर मी सुटले होते. ना कुणाला नाही म्हणायला लागलं, ना हो. आता तू ती सबब काढून घेतलीस.

तुझ्या बापाला इतक्यात सांगू नकोस. त्याला कळलं की मला नाही म्हणायला तोंड उरणार नाही. मला थोडा विचार करू दे. तू मला काय समजशील ते समज.

आत्या


१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं आणि खरं सांगायचं तर मला राग आला. इतका की उत्तर लिहायला बसले आणि दोन कागद फाडले. हा तिसरा.

बाबांना सांगितलेलं नाही. आईलाही नाही. काकांनाही बजावून ठेव. परवा बाबांच्या दुसऱ्या हातावर शीर करायचं ठरलं. ते हसत म्हणाले की आता दोन्ही हात गेले, ताईला पत्र कोण लिहिणार. ते तुला लिहीत नाहीत ही गोष्ट वेगळी. मी तिथेच उभी होते आणि सगळं ओठावर आलं होतं. गिळलं.

एकीवर निभतं, दुसऱ्या दिवशी चालवतात, आठवड्याभरात घरी सोडतात, हे तुला डॉक्टर सांगतीलच. आकडे ऐकून भीती जात नसते, हे मी बाबांवर प्रयोग करून पाहिलं आहे. म्हणून तुला दुसरीच गोष्ट सांगते, जी तुला कुणी सांगितलेली नसेल. देणाऱ्याला ते एकटीला आत बोलावतात. तिथे नाही म्हटलं तर बाहेर घरच्यांना फक्त जमत नाही एवढंच सांगतात. कारण विचारलं तरी सांगत नाहीत. इथे तर सगळ्यांना रक्तच अडलंय असं वाटतंच आहे. वाटू दे. मी पॅथॉलॉजीची डॉक्टर आहे, आत्याचं रक्त चालणार नाही असं मी म्हटलं की या घरात कुणी पुढे विचारणार नाही. मी तसं म्हणेन. जन्मभर म्हणेन.

तू द्यावीस असं मला वाटतं का? वाटतं. रोज वाटतं, बाबा भिंतीकडे तोंड करतात तेव्हा फार वाटतं. ते लपवून तुझ्याशी गोड बोलायला मला जमणार नाही. पण नाही म्हणालीस तरी तू माझी आत्याच. त्यात कमीजास्त होणार नाही, हे मी राग शांत झाल्यावर लिहिते आहे.

तुझी
भिंगरी


४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही.

रक्ताची भानगड काय होती ते तुझी लेक तुला समजावेल, बटणांचा दाखला देऊन. मी तुला तेवढंच सांगते जे तिला सांगता येणार नाही. तू म्हणालास की ताई गोळ्या घेत नाही. मी घेत होते. पण रक्त वर चढू नये असंही माझ्या मनात होतं. खरं कळल्यावरही मी तिला तुझ्यापासून लपवायला लावलं. ते तिने लपवलं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, तिला एक शब्द बोललास तर बघ.

तिने मला काय लिहिलं माहीत आहे? की तू नाही म्हण, मी खोटं बोलून निभावून नेईन. बापासाठी जीव तुटतोय आणि मला पळायला वाट करून देते! दहा दिवस ते पत्र उशाशी घेऊन बसले. वाट मोकळी होती, अडवायला कुणी नव्हतं, तरी पाय निघेना. भीती गेली म्हणून नव्हे, ती आहे तशीच आहे. पण तोवर सगळ्यांनी मला द्यायला हवी म्हणून सांगितलं होतं. मला द्यायची आहे का, हे त्या दहा दिवसांत पहिल्यांदा माझं मी विचारलं.

काल तुमच्या इथे येऊन गेले. तुमच्या रस्त्यावरूनच रिक्षा गेली. खालून खिडकी दिसली, तुझा टॉवेल वाळत होता. वर आले नाही. तुझं तोंड पाहिलं असतं तर दयेने हो म्हटलं असतं, आणि ते मला नको होतं. डॉक्टरांनी एकटीला आत घेतलं, दार लावलं, कुणाचा दबाव आहे का म्हणून विचारलं. मी म्हणाले, होता, आता नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि मी हो म्हणाले.

बाविसाव्या तारखेला ऑपरेशन. आदल्या दिवशी आपल्याला शेजारशेजारच्या खोल्या देणार आहेत. तेव्हा तू माझ्या खोलीत येऊन बस. धीर देऊ नकोस, तुला तो कधी देता आला नाही. आभार मानलेस तर उठून घरी जाईन. मला भीती वाटेल, तेवढा वेळ नुसता बस.

तुझी ताई