अक्षतांचे चौकोन

६ मे, मंगळवार

किळस आली आज. दुसरा शब्द नाही.

रेणापूरच्या मंजुश्रीचं लग्न आम्हीच शूट केलं होतं, मार्चमध्ये, लातूरला. आज ती एकटीच बसने नांदेडला, आमच्या स्टुडिओत आली. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. तिचे वडील, मडिवाळप्पा, लग्नानंतर अठराव्या दिवशी गेले. कॅमेरा दिसला की बाजूला सरकणारा माणूस. अख्ख्या लग्नात समोर आले ते एकदाच — अक्षता पडताना, तिच्या मागे. "तेवढंच बघायचंय," म्हणाली.

लावलं. पहिल्या अक्षता पडल्या आणि चित्र फुटलं. चौकोनच चौकोन! वडिलांच्या तोंडाच्या जागी चार गव्हाळ ठोकळे. आणि त्याआधीची कमान, रिकाम्या खुर्च्या — एकदम स्वच्छ.

७ मे

कारण ठाऊक आहे, म्हणून चीड जास्त. सगळ्या लग्नांना आमचं एकच सेटिंग — ठरावीक बिटरेट. दर सेकंदाला तेवढाच डेटा, चित्रात काहीही असो. रिकाम्या खुर्च्यांना लागत नाही, तरी तेवढाच. हजारो तांदूळ एकदम हवेत, तिथे दसपट हवा, तरी तेवढाच. पंगतीत तान्ह्या बाळाला आणि पैलवानाला मोजून दोन-दोन पोळ्या! चित्र सगळीकडे सारखं नीट हवं तर डेटा कमीजास्त होऊ द्यायचा. इतकं साधं आहे.

आमचे मालक विरूपाक्ष अप्पा. त्यांना दोन वर्षं सांगतेय. उत्तर ठरलेलं — "ते सेटिंग लई जुनं हाय, देविका. हात लावू नको." तेही पान लावता लावता, मान वर न करता. त्या कातचुन्याच्या बोटांचीसुद्धा मला शिसारी येते आता.

८ मे

मूळ शूटिंगचं कार्ड पुसलेलं. महिन्याभराने पुसतातच, पुढच्या लग्नाला लागतं. हार्डडिस्क, जुना कॉम्प्युटर, सगळं पालथं घातलं.

नाही.

९ मे

मागची अकरा लग्नं उघडून बघितली. कंधारचं, देवणीचं, सगळी. अकराच्या अकरा ठिकाणी अक्षता पडल्या की चिखल. लोक ज्या क्षणासाठी मांडव घालतात, नेमका तोच आम्ही नासवतो. आणि कुणाची तक्रार नाही! त्यांना वाटतं, व्हिडिओत अक्षता अशाच दिसतात. शी.

१० मे, शनिवार

मंजुश्री परत आली. अप्पांच्या तोंडावर तिला खरं सांगायचं मी ठरवलंच होतं. पण अप्पाच आधी बोलले. "चूक माझी हाय बाई. ही पोरगी दोन सालापासून सांगून राहिली. म्याच ऐकलं न्हाई."

तिने त्यांना एकच विचारलं. कॅमेरा तुमच्याच हातात होता ना — अप्पा तेव्हा हसत होते का? ती वडिलांनाही अप्पाच म्हणायची.

आमच्या अप्पांनी हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "ध्यानात न्हाई. खोटं कसं सांगू?"

पेनड्राइव्ह पदरात बांधून ती गेली. एवढंसुद्धा देता आलं नाही या माणसाला! चूक कबूल केली म्हणजे झालं? सोमवारी नोकरी सोडते. पण आधी ते सेटिंग पुसणार, मग काय ओरडायचं ते ओरडू दे.

१२ मे, सोमवार

अप्पा यायच्या आत सेटिंग उघडलं. गेली कित्येक वर्षं मी नुसतं बटण दाबायचे, आत बघितलंच नव्हतं. खाली टाइप केलेली नोंद निघाली —

"फक्त लाइव्हसाठी. लॉकडाऊनची लग्नं, नेट कमी, म्हणून बिटरेट ठरावीक. अप्पा, याला कुणाला हात लावू देऊ नका. — देविका, जून २०२०."

मीच लिहून विसरले होते, तरी शनिवारी अप्पांनी माझं नाव घेतलं नाही.