सांदली दिली, बॅटरी घेतली

२६ नोव्हेंबर
आजपासून नियमित रोजनिशी. यंदाच्या हिवाळ्याची जबाबदारी मी स्वतःच्या अंगावर घेतली आहे. आमच्या इस्तरवशान गावात हिवाळ्यात वीज सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी, बाकी ठणठणाट. लोक दर वर्षी कुरकुरतात. प्लॅनिंग कोणी करत नाही. मी करणार.

कारणही तसंच आहे. जानेवारीत आमच्या लेकीला, नझोकतला, बघायला खुजंदहून माणसं येणार. मुलगा सुहरोब, दातांचा डॉक्टर. पोरांचं आपापसात ठरल्यासारखंच आहे, आता त्याच्या आईचं ठरायचं. बाई शहरातल्या, उबेत वाढलेल्या. गेल्या हिवाळ्यात एक स्थळ आलं होतं. त्यांनी आमच्याकडे ओव्हरकोट घालूनच चहा घेतला आणि नंतर काही कळवलंच नाही. महिनाभर नझोकतचं जेवणात लक्ष नव्हतं.

यंदा घर झगमगेल.

थंडी तशी कमीच पडणार. हवामान केंद्रात उभी हयात गेली. आकाश बघून कळतं.

२९ नोव्हेंबर
बायकोला, मेहरीनिसोला, प्लॅन समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सांदली कधी काढायची?

कपाळाला हात लावला. सांदली आमच्या आईच्या वेळची. जमिनीतल्या खड्ड्यात निखारे, वर बुटकं टेबल, त्यावर खोलीभर रजई, आणि सगळं खानदान रजईत पाय घालून बसलेलं. डॉक्टर मुलाच्या आईला काय निखाऱ्यांवर बसवायचं? बायकोला म्हटलं, हवामानातलं तुला काही कळत नाही. त्यावर तिने मी हवामान केंद्रात जीप चालवत होतो याची आठवण करून दिली.

चालवत होतो. पण शास्त्रज्ञ कोणाच्या जीपमध्ये बसून बोलायचे?

४ डिसेंबर
बाजारातून सेकंडहँड जनरेटर आणला. पहिल्याच झटक्यात चालू. आवाज किंचित जास्त. गल्लीतली माणसं रस्त्यावर आली, ती कौतुकाने असावीत. शेजारचा कोदिर-अका, वयाने थोरला म्हणून अका, म्हणतो की त्याच्या कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं. संबंध सिद्ध झालेला नाही.

१० डिसेंबर
जनरेटर गारठला. दोरी ओढून खांदा धरला. ही थंडी तात्पुरती आहे, दोन दिवसांत ओसरेल.

मुळात पेट्रोल हा मागासलेला मार्ग. सूर्य फुकट आहे. सोलर पॅनेल आणून छतावर बसवलं. बायको खालून शिडी धरून उभी होती. एक शब्द बोलली नाही. पटलं असावं.

१५ डिसेंबर
बर्फ. पॅनेल कुठे आहे ते अंदाजाने माहीत आहे.

नवा विचार: वीज असेल तेव्हा साठवायची, नसेल तेव्हा वापरायची. इतकी साधी गोष्ट कोणाला सुचू नये? इन्व्हर्टर मोठ्या ताकदीचा घ्यायचा. बॅटरी मात्र ट्रकची हवी. कोदिर-अकाचा ट्रक इंजिन गेल्यापासून अंगणात उभा आहे. बॅटरी उत्तम.

१७ डिसेंबर
सौदा पक्का. त्याची बॅटरी मला, माझी सांदली त्याला. त्याचे गुडघे धरतात आणि त्याच्या घरात जुना खड्डा अजून आहे. भला माणूस, पण व्यवहारात कच्चा. मला दोनदा विचारलं, "शरोफ, आईची आहे ती. नक्की देतोस?" म्हटलं, अका, भूतकाळाला किती दिवस कवटाळून बसायचं?

जाताना तो टेबल डोक्यावर घेऊन गेला. मेहरीनिसो दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि मोठी रजईसुद्धा त्याच्याकडे पोचवून आली. रजईचं ठरलं नव्हतं. बायकांना व्यवहार कळत नाही.

२० डिसेंबर
सांदलीचा खड्डा सिमेंटने बुजवला. त्यावर इन्व्हर्टर, शेजारी बॅटरी. बघत राहावं असं दिसतं. बायकोचा अबोला चालू. संकल्प: तिच्या अबोल्याकडे दुर्लक्ष करणे. स्वयंपाक मात्र तिच्याच हाती आहे.

२४ डिसेंबर
चाचणी. एक बल्ब लावला. लागला. तासाभराने बघितलं, तरी लागलेलाच. नझोकतने टाळ्या वाजवल्या. एका बल्बचं जमलं म्हणजे घराचं जमलं, पुढचा फक्त वायरिंगचा प्रश्न.

५ जानेवारी
बादलीतलं पाणी घरात गोठलं. माझ्या अंदाजापेक्षा थंडी थोडी जास्त आहे. अंदाज चुकलेला नाही, थंडी चुकली आहे.

नझोकत संध्याकाळी जवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, चहा गरम असला आणि तुम्ही आमच्यात बसलेले असलात, की झालं. बाकी नसलं तरी चालेल मला." पोरीला वाटतं बापाला ताण आला आहे. तिला म्हटलं, तू फक्त बघत राहा.

११ जानेवारी
उद्या दुपारी येणार. दुपारी वीज नसते, म्हणून तर ही सगळी तयारी. इन्व्हर्टर थेट घराच्या मेन लाइनला जोडला. एक खटका दाबला की सगळं घर जागं होईल. बॅटरी काठोकाठ भरली आहे.

बायको दिवसभर कोदिर-अकाकडे ये-जा करत होती. विचारलं तर नझोकतकडे बघून म्हणाली, नान त्यांच्या तंदूरमध्ये भाजतेय. सोयरीक ठरल्यावर मोडायचं नान आहे, चांगलं भाजायला हवं. बरोबर आहे. मी अशा गोष्टींत लुडबुड करत नाही.

१२ जानेवारी, रविवार, संध्याकाळ
जसं झालं तसं लिहितो.

गाडी चौकात आल्याचा फोन आला. खटका दाबला. घर लख्ख. आयुष्यातला मोठा क्षण. मग मागच्या खोलीतून इस्त्रीचा वास यायला लागला.

आपल्या गावात वीज गेल्यावर बटणं बंद कोण करतं? सगळी चालूच ठेवायची, म्हणजे वीज आली की लगेच कळतं. मीही लहानपणापासून तेच करत आलो. त्यामुळे इस्त्री चालू, तिन्ही खोल्यांतले हीटर चालू, शेगडी चालू, न्हाणीघरातला गीझर चालू. मी एका टोकापासून बंद करत सुटलो. दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत बॅटरीने मान टाकली.

घाबरलो नाही. सोलर आहे. झाडू घेऊन छतावर गेलो. वरून बघतो तर पाहुणे आमच्या फाटकाशी उतरले, मेहरीनिसो पुढे झाली, आणि सगळ्यांना घेऊन सरळ कोदिर-अकाच्या घरात शिरली. नझोकत किटली घेऊन मागोमाग. जणू आधीच ठरलं होतं.

मी तरीही पॅनेल झाडलं. सूर्य नव्हता.

शेवटी गेलो. डोक्यावर बर्फ, हात ग्रीसने काळे, गळ्यात वायर, खिशात पक्कड. खोली उबदार. मधोमध आईची सांदली. सुहरोब, त्याचे आईवडील, सगळे आमच्या रजईत पाय घालून बसलेले. बाईंचा ओव्हरकोट खुंटीवर. गाल लाल झाले होते आणि त्या कोदिर-अकाला सांगत होत्या की लहानपणी आजीकडे अशाच बसायच्या, हे सुख त्या विसरूनच गेल्या होत्या, आणि अशा घरातली मुलगी मिळायला नशीब लागतं. मग माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी कोदिर-अकाला हळूच सुचवलं, लाइटवाल्या भाऊंनाही चहा द्या, गारठलेत बिचारे.

खोटं कशाला लिहू, मान वर होईना. आलो तसा परत फिरावं असं वाटलं.

नझोकत उठली. गळ्यातली वायर काढून बाजूला ठेवली, माझे काळे हात स्वतःच्या हातात धरले.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून नोव्हेंबरपासून राबताहेत."

बाईंनी तोंडावर हात घेतला. मग सरकल्या आणि रजईचं टोक उचलून माझ्यासाठी जागा केली. पाय आत घातले. इतकी ऊब मला महिनाभरात मिळाली नव्हती.

घरमालक आणि वयाने मोठा म्हणून नान कोदिर-अकाने मोडायचं. त्याने ते उचलून माझ्या हातात दिलं. मोडलं. पांढऱ्या तुकड्यावर माझा अख्खा अंगठा उमटला. सुहरोबच्या वडिलांनी नेमका तोच तुकडा उचलून खाल्ला आणि म्हणाले, ठरलं.

तेवढ्यात वीज आली. दिवा भपकन लागला. बाई म्हणाल्या, बंद करा हो, डोळ्यांवर येतंय.

१३ जानेवारी
शांतपणे विचार केला. सांदली कोदिर-अकाला दिली नसती तर ती काल त्याच्याकडे नसती. म्हणजे प्लॅनिंग माझंच.

बायकोला हे सांगितलं. खूप हसली. अबोला सुटला.

२० जानेवारी
खुजंदहून फोन. लग्न वसंतात. बाईंनी एकच मागणं केलं आहे: नझोकतने सासरी येताना सांदली आणावी.

म्हणजे सौदा उलटा करायला हवा. बॅटरी परत द्यायला काढली. रिकामी बॅटरी कडाक्यात गोठून उभी तडकली आहे. असं होतं हे एका शास्त्रज्ञाने माझ्याच जीपमध्ये सांगितलं होतं. तेव्हा माझं लक्ष रस्त्यावर होतं.

तोंड पाडून कोदिर-अकाकडे गेलो. बदल्यात जनरेटर देऊ केला. तो घाईघाईने नको म्हणाला. म्हणाला, सांदली पोरीची आहे, अशीच घेऊन जा, मी गुडघ्यांचं बघतो काहीतरी. "फक्त एक शब्द दे शरोफ. तिला वीज जोडणार नाहीस."

दिला. हीटरची कॉइल कालच आणली होती. उद्या परत करून येईन.