तलावावर दोघांची नोंद

तीर्थरूप ताईस, तिच्या दोन्ही गुडघ्यांची चौकशी करून, धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दाजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं, आणि खोकला थांबल्यापासून ते पुन्हा दिवसभर बोलायला लागलेत हे वाचून तुझी काळजी वाटली. माझी प्रकृती ठणठणीत आहे (उजवा खांदा, झोप आणि भूक सोडून). तलावावरची खोली रद्द केली असं मी तुला कळवलं होतं. ती थाप होती. हे पत्र मी त्याच खोलीत बसून लिहितोय. टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून अक्षर उतरणीला लागलंय.

तुला ठाऊकच आहे, या सरकारी उद्यानातल्या खोल्या वर्षभर आधी धराव्या लागतात. दरवर्षी निघतानाच आम्ही पुढच्या वर्षीचा अर्ज भरून निघायचो. म्हणजे गेल्या वर्षी हिनेच स्वतःच्या अक्षरात दोघांची नावं लिहिलेली. रद्द करायचं तर कारण लिहावं लागतं. चाळीस वर्षं मी लिफ्टची तपासणी केली, बंद लिफ्टवर लाल शिक्का मारताना हात कधी अडखळला नाही. पण ही जाऊन सात महिने झाले तरी ते मी इथे येईपर्यंत एकदाही कुणाला तोंडाने सांगितलेलं नव्हतं. (तुलासुद्धा नर्सबाईंनीच सांगितलं. मी नुसता फोन धरून उभा होतो.) तेव्हा म्हटलं, कारण लिहिण्यापेक्षा जाऊनच येऊ.

खोली होती तशीच आहे. ओल तीच, भिंतीवरची सामानाची यादी तीच (चमचे चार, पेले चार, घोंगड्या दोन) आणि एकावर एक असलेले पलंगही तेच. मी सवयीने खालचा पलंग सोडला आणि शिडीने वरच्यावर चढलो. चढलो खरा, पण सकाळी उतरता येईना. दहा वाजता झाडूवाल्या बाई आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर पाय ठेवून अस्मादिक भूतलावर आले. खालचा पलंग रिकामा असताना वर कशाला झोपलात, असं त्यांनी विचारलं. मी छताकडे बघत बसलो.

मग होडी. दोघांनी पायडल मारत पलीकडच्या काठाला जायचं, थर्मासातला चहा प्यायचा आणि भांडत परत यायचं, हा आमचा शिरस्ता. धक्क्यावर पाटी आहे, एकट्या माणसाला होडी मिळणार नाही. नियम उत्तम आहे, मीही असाच लिहिला असता. होडीवाल्याने दुसरं कोण म्हणून विचारलं आणि मी म्हणालो, बायको, येतेय मागून. ताई, हे ठरवून बोललो नाही गं. सात महिने जो विचारेल त्याला मी हेच सांगतोय, जिभेला वळण पडलंय. त्याने वहीत दोन माणसं लिहिली, दोन लाइफ जॅकेटं दिली आणि गळ तुटला म्हणून भांडणाऱ्या एका कुटुंबाकडे वळला. तेवढ्यात मी सटकलो.

दोघांच्या होडीत एकटा बसला की होडी कलते. जन्मभर लोकांच्या वजनाचा हिशेब केलेल्या माणसाला हे पाण्यात गेल्यावर सुचलं. पलीकडचा काठ राहिला बाजूला, मी मध्येच गोल गोल फिरत राहिलो. तोल साधायला शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली, तर तिथलं जॅकेट पाण्यात पडलं. ते ओढून काढताना खांदा गेला. तासाभराने धक्क्याला लागलो तो एक माणूस, एक कोरडं जॅकेट, एक ओलं.

होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं, जॅकेटाकडे बघितलं, वहीत बघितलं. बाई कुठे आहेत म्हणाला. मी म्हणालो, "येईल."

"कुठून येईल?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. माझ्यामागे नुसतं पाणी होतं.

त्याने शिट्टी फुंकली. पोहणारे सगळे बाहेर काढले, दोन मोटारबोटी सुटल्या, उद्यानाचे अधिकारी धावत आले. टॉवेल गुंडाळलेली माणसं काठावर उभी राहून माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जणू मीच तिला ढकललं असावं. शेजारच्या खोलीतल्या आजींनी मात्र मला शाल पांघरली. मला प्रत्येक मिनिटाला वाटत होतं, आता सांगू. पण जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं. पाणबुड्याने बुडी मारून एक बूट वर आणला. हा त्यांचा का, असं विचारलं. मी म्हणालो, तिला दोन नंबर मोठा होईल. (लाज वाटते, पण खरंच म्हणालो.)

तो पोरगेला पाणबुड्या थंडीने निळा पडला होता, दात वाजत होते. तरी तो पुन्हा उतरायला लागला. तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"उतरू नका," मी म्हणालो. "ती पाण्यात नाही. ती सात महिन्यांपूर्वी वारली. दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर."

मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण होडीवाला धक्क्यावरच खाली बसला. अधिकाऱ्यांना शोधाचा कागद बंद करायचा होता, तो त्यांनी मला माझ्या हाताने भरायला लावला. कारणाच्या रकान्यात मी तेच वाक्य लिहिलं. मग आजींच्या पायरीवर बसून पोटभर रडलो.

दाजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता.क. हे वाचून धावत येऊ नकोस. मी अगदी ठीक आहे.

ता.क. दुसरा. ठीक नाही. हिने स्वतःचा कोट बाह्या आखूड करायला शिंप्याकडे दिला होता. कोट कधी नेताय म्हणून त्याने चारदा विचारलं, चारही वेळा मी म्हणालो, ती स्वतः येऊन नेईल. तो रोज कोट झटकून पुन्हा टांगतो. तू ये. आपण दोघं जाऊ. बोलेन मीच, तू नुसती शेजारी उभी राहा.